डोंगर वाचता आला तर पाणी सापडते

कसाऱ्याकडे जाणारी लोकल खर्डी मागे टाकते आणि कसारा येण्याअगोदर उंबरमाळीला घडीभर थांबते. कामाला निघालेली माणसे, शाळा-कॉलेजची मुले, भाजीची टोपली सांभाळत चढणाऱ्या बाया अशी थोडी लगबग होते आणि गाडी निघून जाते. मग तिथेच उभे राहून एकदा सभोवार नजर फिरवावी. ईशान्येला थळ घाट, म्हणजे आपण ज्याला कसारा घाट म्हणतो तो. पूर्वेला कुलंग, मदन आणि अलंग या तीन किल्ल्यांची रांग व तिच्यामागे कळसूबाई. आग्नेयेला आजोबाचा डोंगर. नैऋत्येला माहुली. चहूकडून डोंगराने वेढलेला हा मुलूख आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, हा डोंगर आपण जन्मल्यापासून पाहतो. त्याच्याकडून सरपण घेतो, गुरे चारतो, करवंदे आणि मोहाची फुले वेचतो. पण रोज दिसणाऱ्या माणसाची विचारपूस करायची राहून जाते, तसे या डोंगराचे झाले आहे. तो कशाचा बनला, त्याच्यावर पडलेले पाणी कुठे जाते, ते मार्गशीर्षापर्यंत खळखळते आणि फाल्गुनात का नाहीसे होते, हे आपण सहसा विचारत नाही. शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत हंड्यांची रांग लागते. या रांगेचे उत्तर पुष्कळसे त्या डोंगराच्या बांधणीत दडलेले आहे. ते आज उलगडून पाहू या.

जिन्यासारखा डोंगर

कसारा घाटातून एसटीने जाताना खिडकीशी बसावे आणि रस्त्यासाठी कापलेल्या कड्याकडे नीट पाहावे. कडा एकसंध नाही. भाकरीवर भाकरी रचावी तसे थरावर थर दिसतात. एक थर उभा, काळा, टणक. त्याच्यावर थोडी उतरती जागा, तिथे गवत व झुडपे. मग पुन्हा उभा कातळ. दूरवरून पाहिले तर सारा डोंगर जिन्याच्या पायऱ्यांसारखा दिसतो. परदेशातल्या शास्त्रज्ञांनाही तो तसाच दिसला. आपल्या या खडकाला त्यांनी ‘ट्रॅप’ म्हटले. युरोपातल्या स्वीडन देशाच्या भाषेत जिन्याला जो शब्द आहे, त्यावरून हे नाव आले.

या पायऱ्या झाल्या कशा? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या भागात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तापलेला लाव्हारस बाहेर आला. काकवी सांडल्यावर पसरते तसा तो मैलोगणती पसरला आणि थंड होऊन त्याचा खडक झाला. काही काळ गेला, वरचा पृष्ठभाग उन्हापावसाने कुजला, त्याची माती झाली आणि पुन्हा नवा लाव्हा त्यावर येऊन पसरला. असे अनेकदा झाले. आज हिमालयाचे केवढे कौतुक होते! पण हिमालय उभा राहू लागला, त्याच्या आधीच आपला कातळ थंड होऊन बसला होता. दख्खनच्या या लाव्ह्याच्या ढिगात तळाशी जे सर्वांत जुने थर आहेत, त्यांच्या गटाला भूशास्त्रात कळसूबाईचेच नाव दिलेले आहे. इगतपुरी आणि जव्हार ही नावेही त्या थरांना मिळाली आहेत. जगभरातल्या भूशास्त्राच्या पुस्तकांत आपल्या गावांची नावे अशी जाऊन बसली आहेत.

या रांगेची उंचीही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर, महाराष्ट्रात सर्वांत उंच. मुरबाडच्या अंगाला हरिश्चंद्रगड १,४०० मीटरच्या वर. त्याचा कोकणकडा आतल्या बाजूला वळलेला, एखाद्या प्रचंड सुपासारखा. त्या कड्यावर उभे राहिले असता धुक्यात कधी कधी पूर्ण गोलाकार इंद्रधनुष्य दिसते. आजोबाच्या डोंगरावर वाल्मीकींचा आश्रम होता आणि लव-कुशांचा जन्म तिथे झाला, अशी आपल्याकडे श्रद्धा आहे.

ही भिंत ओलांडणे सोपे नव्हते. म्हणूनच जिथे खिंड मिळाली, तिथे इतिहास घडला. मुरबाड तालुक्यातून जुन्नरला चढणारा नाणेघाट दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळी वाहता होता. तिथल्या लेण्यात नागनिका राणीचा लेख आहे, आणि घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखवतात. माहुलीच्या किल्ल्यात १६३६ साली शहाजीराजांना मोगल आणि आदिलशाही फौजांपुढे माघार घ्यावी लागली. थळ घाटातून रेल्वे इगतपुरीला पोहोचली ती १८६५ साली. सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर, असा तो चढ आहे. मागून ढकलायला जादा इंजिने लावल्याशिवाय भारी गाड्या तिथे चढत नसत.

एका एकरावर एक कोटी लिटर

आता पावसाकडे वळू. जून महिन्यात अरबी समुद्रावरून वाफेने भरलेला वारा निघतो. कोकणपट्टी ओलांडून तो या भिंतीवर आदळतो. पुढे जायला वाट नसल्याने त्याला वर चढावे लागते. हजार मीटर वर गेले की हवा साधारण सहा अंशांनी थंड होते. थंड हवेला तेवढी वाफ पेलत नाही आणि ती पावसाच्या रूपाने खाली येते. चुलीवरच्या भांड्यावर थंड झाकण ठेवले की त्याला आतून थेंब धरतात, तोच हा प्रकार.

आपल्या शहापूर तालुक्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. वाडवडील ज्याला शंभर इंच म्हणत, तो हाच. घाटमाथ्यावर तो याहून अधिक असतो. पण भिंत ओलांडून वारा पलीकडे उतरला की तो रिता झालेला असतो. इगतपुरी चिंब भिजते आणि तिथून तासाभराच्या वाटेवरच्या सिन्नरला पाचशे-सहाशे मिलिमीटरवर समाधान मानावे लागते. म्हणजे सिन्नरच्या चार-पाच पट पाऊस आपल्या वाट्याला येतो.

याचा हिशेब घरगुती मापात करून पाहू. एक गुंठा जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे शंभर लिटर पाणी होते. अडीच हजार मिलिमीटर पडला तर एका गुंठ्यावर अडीच लाख लिटर, आणि एका एकरावर एक कोटी लिटर. ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी मिळावे, असे सरकारी माप आहे. सहा माणसांच्या कुटुंबाला या मापाने वर्षभरात एक लाख वीस हजार लिटर लागतात. अर्ध्या गुंठ्यावर पडलेला पाऊस एवढा भरतो! पाचशे चौरस फुटांच्या घराच्या नुसत्या छपरावरसुद्धा वर्षाला लाखभर लिटर पाणी पडून वाहून जाते.

मग एवढे पाणी जाते कुठे? या पाण्याच्या वाटाही पाहण्यासारख्या आहेत. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीच्या परिसरात गोदावरी उगम पावते आणि वैतरणाही. गोदावरी पूर्वेला वळते आणि जवळजवळ दीड हजार किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. वैतरणा पश्चिमेला उतरून अरबी समुद्राला मिळते. रतनगडाच्या पूर्व उतारावर पडलेले पाणी प्रवरेतून भंडारदऱ्याला जाते आणि नगरचा ऊस भिजवते. त्याच धारेच्या पश्चिमेला पडलेले पाणी आपल्या ओढ्यांतून धावत सुटते. पूर्वेकडच्या नद्यांना उतार मंद. आपल्याकडच्या नद्या मात्र कड्यावरून उडी घेतात आणि थोडक्या अंतरात खाडी गाठतात. भातसा, काळू यांना पाणी जिरवायला सवडच मिळत नाही. रात्री पडलेला पाऊस दुसऱ्या दिवशी कल्याणच्या पुढे गेलेला असतो.

जे पाणी अडते, ते मोठ्या धरणांत. मुंबईसाठी तानसा धरण १८९२ साली बांधून झाले. नंतर वैतरणेवर मोडकसागर, उर्ध्व वैतरणा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा झाले. भातसा धरण १९८० नंतरच्या दशकात उभे राहिले. मुंबई शहराला रोज जवळजवळ चारशे कोटी लिटर पाणी पुरवले जाते आणि त्यातले निम्म्याच्या आसपास एकट्या भातसेचे असते. धरणासाठी ही जागा का निवडली गेली? पाऊस भरपूर, दऱ्या अरुंद आणि खाली पाणी न गळू देणारा कातळ. म्हणजे ज्या कातळाच्या भरवशावर धरण भरते, त्याच कातळामुळे आपली विहीर आटते. शहराशी भांडण म्हणून मी हे लिहीत नाही. तहान त्यांनाही आहेच. पण धरणाच्या काठावरच्या पाड्यात मे महिन्यात हंडा रिकामा असावा, ही गोष्ट मनाला लागते. धरणाच्या पाण्यात आपला वाटा मागायचा तो मागूच. त्याचबरोबर डोंगरातले पाणी आपल्या हाताशी आहे, ते कसे धरावे हेही शिकू.

माझी फसलेली विहीर

इथे माझ्या एका चुकीची गोष्ट सांगितली पाहिजे. बी.एस्सी. कृषी होऊन नोकरीला लागून दोन-तीन वर्षे झाली होती. कसाऱ्याच्या बाजूच्या एका पाड्यावर पिण्याच्या पाण्याची विहीर घ्यायची होती. मी जागा निवडली ती पाड्याच्या मधोमध, सपाटीवर. बायकांना चार पावलांवर पाणी मिळावे, असा माझा विचार. हेतू चांगला होता, अभ्यास कच्चा होता.

जागा आखत असताना ठाकर समाजातला एक म्हातारा बाजूला उकिडवा बसून पाहत होता. मी म्हटले, “काय बाबा, जागा कशी वाटते?”

तो म्हणाला, “जागा चांगली हाय सायेब, पन पानी नाय तिथं. पानी त्या वरल्या हिरव्या पट्ट्याला हाय. तुमी शिकल्याली मान्सं, तुमाला काय सांगावं!”

मी हसलो आणि काम सुरू केले. दहा फुटांवर काळा पाषाण लागला. सुरुंग लावले. अठ्ठावीस फुटांपर्यंत गेलो. पावसाळ्यात विहीर काठोकाठ भरली तेव्हा मला फार धन्यता वाटली. माघ महिन्यात तिचा तळ दिसला. त्या उन्हाळ्यात मी त्या पाड्यावर गेलो तेव्हा एक मावशी रिकामी कळशी विहिरीच्या काठावर ठेवून मला म्हणाली, “सायेब, खोल बघितलं म्हंजे भोवळ येतीय, पन पानी काय दिसत नाय.” ते शब्द अजून कानांत आहेत.

मग मी त्या बाबांना शोधत गेलो. त्यांनी मला डोंगराच्या पहिल्या पायरीशी नेले. सगळीकडे गवत वाळून पिवळे झाले होते. त्या एका आडव्या पट्ट्यात मात्र ते हिरवे होते. तिथे दोन उंबर आणि एक जांभूळ उभे होते. बाबांनी हाताने माती उकरली. हातभर खाली लाल गेरूसारखी चिकण माती लागली आणि तिच्यावर ओल. पाड्यातल्या लोकांनी श्रमदानाने तिथे झिरा खणून दगडांनी बांधून काढला. त्याचे पाणी चैत्र संपेपर्यंत पुरले. वैशाखात तोही मंदावला, हे खरे. पण तीन महिन्यांची पायपीट वाचली.

हिरवा पट्टा म्हणजे काय?

बाबांना जे अनुभवाने ठाऊक होते, त्याचे शास्त्र पुढे मला शिकायला मिळाले. लाव्ह्याच्या प्रत्येक पायरीचे दोन-तीन भाग असतात. मधला भाग घट्ट, काळा पाषाण. त्यात पाणी फक्त उभ्या-आडव्या फटींतून जाते. पाषाण अखंड असेल तर थेंबही जात नाही. वरचा भाग जाळीदार असतो. लाव्हा थंड होताना त्यातून वायूचे बुडबुडे निघाले, त्यांची भोके राहिली. विहीर खणणारे याला मांजऱ्या म्हणतात. हा थर कुजून मऊ झालेला असेल तर तो स्पंजासारखा पाणी धरतो. आणि दोन पायऱ्यांच्या मध्ये काही ठिकाणी लाल थर असतो. मागच्या लाव्ह्याची कुजलेली माती पुढच्या लाव्ह्याने भाजली, तो हा थर. गेरूसारखाच दिसणारा. हा चिकण असल्याने पाणी सहसा खाली जाऊ देत नाही.

पावसाचे पाणी वरच्या सपाटीवर मुरते, फटींतून व जाळीदार खडकातून खाली उतरते, लाल थरावर किंवा अखंड पाषाणावर येऊन अडते आणि मग आडवे वाहू लागते. जिथे डोंगराच्या कुशीत तो थर उघडा पडतो, तिथे ते बाहेर झिरपते. तोच झरा, तोच हिरवा पट्टा. थर आडवे असल्याने हा पट्टा साधारण एकाच उंचीवर डोंगराभोवती फिरताना दिसतो. एका ठिकाणी झरा सापडला तर त्याच पातळीवर दोन्ही अंगांना शोध घ्यावा. किल्ल्यांवर पाण्याची टाकी कोरणाऱ्या जुन्या कारागिरांना ही गोष्ट पक्की माहीत असावी. एरवी एवढ्या उंचीवर बारमाही टाकी राहती ना!

झाडेही खूण सांगतात. उंबर, जांभूळ, अर्जुन, करंज ही झाडे ओलाव्याच्या आश्रयाने वाढतात. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत झाडांवरून आणि वारुळांवरून भूजल ओळखण्यावर एक स्वतंत्र अध्याय आहे, आणि त्यात उंबराचा उल्लेख आहे. उंबरमाळीच्या नावातच उंबर आहे, हे विसरू नये. मात्र झाड ही खूण आहे, खात्री नव्हे. विहिरीवर पैसे घालण्याअगोदर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून जागा तपासून घ्यावी. नारळ फिरवून किंवा कोणी सांगतो म्हणून बोअर मारू नये. अखंड पाषाणात तीनशे फूट गेले तरी धूळच निघते आणि डोक्यावर कर्ज राहते.

पाणी वर मुरवा, खाली घ्या

झरा सापडला म्हणजे काम संपले नाही. झऱ्याचे पाणी म्हणजे वर मुरलेले पाणी. वरची सपाटी उघडी बोडकी असेल, गवत जाळले जात असेल, तर पाणी मुरण्याअगोदरच धावून जाते. म्हणून काम दोन ठिकाणी करायचे असते, झऱ्याच्या वर आणि झऱ्याच्या खाली.

वर, मंद उताराच्या माळावर, समपातळीत सलग चर खणावेत. दोन फूट रुंद, एक फूट खोल पुरतात. पातळी काढायला मोठे यंत्र नको. तीन बांबू इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखे बांधावेत, मधून ओळंबा सोडावा. ओळंबा मध्यावर आला की दोन्ही पाय एका पातळीत. शाळेतली मुलेसुद्धा हे काम हौसेने करतात. अशा चराचा एक मीटर तुकडा एका भरतीला सुमारे १८० लिटर पाणी धरतो. शंभर मीटर चर म्हणजे अठरा हजार लिटर, आणि पावसाळ्यात तो अनेकदा भरतो व रिकामा होतो. चराची माती खालच्या अंगाला टाकून तिच्यावर गवत, बांबू, शिवण लावावी. जागा वनखात्याची असेल तर परवानगीशिवाय कुदळ मारू नये. गावाला सामूहिक वनहक्क मिळालेला असेल तर ग्रामसभेनेच या कामाचा आराखडा करावा. तो अधिकार २००६ च्या वनहक्क कायद्याने दिलेला आहे.

वरकस जमिनीवर नागली, वरई, खुरासणी घेणाऱ्यांनी नांगर उताराला आडवा चालवावा. उभा नास धरला की पहिल्याच वळवात माती ओढ्यात जाते. बोटभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात, हे ध्यानात असू द्यावे. राबासाठी झाडांच्या फांद्या तोडताना शेंडा राखावा. शेणखत, गिरिपुष्पाचा पाला यांचा वापर वाढवला तर राब भाजण्याची गरज पुष्कळ कमी होते.

खाली, ओढ्यात, वनराई बंधारे घालावेत. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरून ओढ्याला आडव्या रचायच्या, फटी चिकण मातीने लिंपायच्या. याची वेळ साधणे महत्त्वाचे. नवरात्राच्या सुमारास ओढा वाहता असतानाच बांध पडला पाहिजे. दिवाळी झाल्यावर जागे झालो तर अडवायला पाणीच नसते. वीस-पंचवीस माणसांचे एका दिवसाचे काम आहे. त्या पाण्यावर भात काढल्यानंतर वाल, हरभरा, भेंडीचे चार वाफे होतात, गुरांना पाणी मिळते आणि खालच्या विहिरीही उशिरा आटतात.

आणखी एक गोष्ट कारवीची. आपण तिच्या काठ्यांनी घराच्या कुडाच्या भिंती उभ्या करतो. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी टाकते आणि मरते. तिच्या मुळ्यांचे जाळे चढावरची माती बांधून ठेवते. फुलण्याच्या आधीच सगळी तोडली तर बी पडत नाही आणि उतार उघडा होतो. म्हणून बी गळून गेल्यावर वाळलेली काठी तोडावी. पूर्वीची जाणती माणसे असेच करीत.

डोंगर कोसळण्याआधी बोलतो

पाणी मुरवा म्हटले, पण कुठे मुरवू नये हेही सांगितलेच पाहिजे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरजवळच्या इर्शाळवाडीवर तीच वेळ आली. दोन्ही ठिकाणे आपल्याच सह्याद्रीतली. कातळावर मातीचा जाड थर, तीव्र उतार आणि दिवसरात्र कोसळणारा पाऊस हे तिन्ही एकत्र आले की माती पाणी पिऊन जड होते आणि कातळावरून घसरते. म्हणून घरांच्या मागच्या तीव्र उतारावर चर खणू नयेत, पायथा कापून सपाटी करू नये. तिथे झाडे राखावीत आणि पावसाचे पाणी बाजूने ओढ्यात काढून द्यावे.

डोंगर सहसा सूचना देतो. उतारावर किंवा अंगणात नव्या भेगा पडणे. झाडे, विजेचे खांब, कुंपण तिरके होणे. दरवाजे एकाएकी अडकू लागणे. झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे, नव्या जागी पाणी फुटणे किंवा वाहता झरा एकदम थांबणे. दगड घरंगळल्याचा आवाज येणे. यातले काहीही भर पावसात दिसले तर सामान गोळा करीत बसू नये. मुलाबाळांना घेऊन बाजूच्या सुरक्षित जागी जावे आणि तलाठी, ग्रामपंचायत, तहसील यांना कळवावे. गेलेली भांडी परत घेता येतात.

डोंगर एकच आहे

शेवटी एका पाहुण्याची गोष्ट. २००९ साली नगर जिल्ह्यात विहिरीत पडलेला एक बिबट्या बाहेर काढून, गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आला. अभ्यासकांनी त्याला ‘आजोबा’ हे नाव दिले होते. तो डोंगर, शेते, रस्ते आणि रेल्वेचे रूळ ओलांडत चालत राहिला आणि महिन्याभरात सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. वाटेत त्याने कोणाला इजा केली नाही. दोन वर्षांनी, २०११ मध्ये, महामार्गावर गाडीच्या धडकेने तो मेला. तानसाच्या जंगलात २०१४ साली वनपिंगळा हे दुर्मिळ घुबड आढळले. कधीकाळी जगातून नाहीसे झाले असे समजले जाणारे हे पाखरू आपल्या सागाच्या रानात राहते. बिबट्याला तालुक्याची हद्द ठाऊक नाही, पाण्यालाही नाही. वरच्या पाड्याने रान जाळले तर खालच्या गावाची विहीर आटते. म्हणून हे काम एकट्या-दुकट्याचे नाही, ग्रामसभेचे आहे.

मला एकच विनंती करायची आहे. येत्या फाल्गुनात, होळीच्या आधी, सारे रान पिवळे पडले म्हणजे घरातल्या पोरांना आणि एखाद्या जाणत्या आजा-आजीला घेऊन पहिल्या पायरीपर्यंत चढून जा. हिरवा पट्टा कुठून कुठे जातो ते पाहा. उंबर-जांभळांच्या झाडांवर चुन्याची खूण करा. घरी आल्यावर शाळेच्या वहीत त्याचा नकाशा काढा आणि ग्रामसभेत तो मांडा. मी माझी विहीर खणली तेव्हा तो नकाशा त्या ठाकर बाबांच्या डोक्यात होता आणि मी तो विचारला नाही. ते बाबा आता नाहीत. आपल्या पाड्यावर असे कोणी अजून असतील, तर त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि आजच विचारा.